इन्व्हर्टर बिघडला, की बॅटरी कोरडी पडली?

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. दिवसभर पारा ४३ अंशांच्या वर होता. रात्री साडेदहाच्या सुमारास वावटळ सुटली, वळवाचे चार टपोरे थेंब पडले आणि गल्लीतील वीज गेली. सोलापूरकरास यात नवल ते काय? घरातील इन्व्हर्टर लागला, पंखा पुन्हा फिरू लागला आणि आईच्या खोलीतील ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची घरघर पूर्ववत सुरू झाली. आईचे वय ७८. फुफ्फुसाच्या विकारामुळे गेली दोन वर्षे ती रात्री त्या यंत्रावरच झोपते. आम्ही निश्चिंत मनाने आपापल्या खोलीत गेलो.

अकराव्या मिनिटाला इन्व्हर्टर टुकटुक वाजू लागला आणि पाठोपाठ सारे घर अंधारात बुडाले. घरात ऑक्सिजनचे राखीव सिलिंडर नव्हते. आईच्या बोटाला लावलेल्या लहान यंत्रातील आकडा ९३ वरून ८४ वर उतरताना मी मोबाईलच्या उजेडात पाहिला. शेजारच्या काकांच्या घरी दिवे चालू होते. त्यांच्या गॅलरीतून आमच्या गॅलरीत लांब वायर टाकून ते यंत्र पुन्हा सुरू करीपर्यंत पाऊण तास गेला. तो पाऊण तास सौ. आईला उशांच्या आधाराने बसवून वारा घालत होती. आई मात्र शांत होती. आम्ही नव्हतो.

सकाळी ज्यांच्याकडून बॅटरी घेतली होती त्या दुकानदारांना फोन केला. ते म्हणाले, "बॅटरी गेली, शेठ. नवीन टाकून देतो, सतरा हजार होतील." मी होकार देणारच होतो, पण आधीची बॅटरी केव्हा घेतली हे पाहावे म्हणून जुन्या वह्या काढल्या. व्यापाऱ्याच्या घरात ही सवय उपजतच असते. वहीत नऊ वर्षांत तीन बॅटऱ्यांची बिले निघाली. बॅटरीत घालावयाच्या पाण्याचे एकही बिल नव्हते. पाच लिटरचा कॅन शे-दोनशे रुपयांस मिळतो. तो खर्च आमच्या घरात कधी झालाच नव्हता.

मग पूर्व भागातील एका वयस्क मेकॅनिकला बोलावले. पूर्वी ते यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करीत. आल्याआल्या त्यांनी इन्व्हर्टरकडे पाहिलेही नाही. "शेठ, पाणी शेवटचं कधी घातलंत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. घरात आम्ही चार मोठी माणसे. मला वाटे, दुकानातील मुलगा येऊन पाणी घालून जातो. त्या मुलाला वाटे, बॅटरीवाले घालतात. बॅटरीवाल्यांना काय वाटत होते, ते त्यांनाच ठाऊक. झाकणे उघडली तेव्हा सहापैकी दोन कप्प्यांतील शिशाच्या पट्ट्या पूर्णपणे उघड्या पडलेल्या होत्या.

हे आमच्याच घरी घडले असे नव्हे. २००५ च्या सुमारास राज्यात भारनियमन वाढले आणि पुढची काही वर्षे आपल्या पेठांतील व्यापार इन्व्हर्टरवरच चालला. त्या काळी बॅटरी रोज रिकामी होई, रोज भरे. तिच्याकडे रोज लक्ष जाई. चाटी गल्लीतील कापड दुकानांत संध्याकाळी पहिली चौकशी बॅटरीची असे. आज चित्र पालटले आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताची वीजजाळी उर्वरित देशाच्या जाळीला जोडली गेली. शहरालगत फताटेवाडीला १३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे आहे. वीज आता क्वचित जाते. त्यामुळे जिन्याखालची ती काळी पेटी महिनोन् महिने कोणाच्या दृष्टीस पडत नाही. भारनियमनाच्या काळात बॅटऱ्या वापराने झिजत. आज त्या बहुधा दुर्लक्षाने जातात, आणि ते कळते नेमके वळवाच्या रात्री.

इन्व्हर्टर आणि बॅटरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आधी मनात पक्के असावे. इन्व्हर्टर म्हणजे वर ठेवलेली दिव्यांची पेटी. वीज असते तेव्हा ती घराला थेट पुढे देणे आणि त्याच वेळी बॅटरी भरणे, आणि वीज गेली की बॅटरीतील १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह २३० व्होल्टचा करून देणे, एवढे तिचे काम. शिलकेचा साठा असतो तो खालच्या बॅटरीत. गल्ला रिकामा असेल तर मुनीमजींना बोल लावून उपयोग नाही. तरीही "इन्व्हर्टर बिघडला" म्हणून जी पेटी दुकानात नेली जाते, तिच्यात पुष्कळदा काहीच दोष निघत नाही.

पाणी का आटते? बॅटरी भरत असताना तिच्यातील पाण्याचा काही अंश फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू होतो आणि निघून जातो. ॲसिड मात्र आतच राहते. म्हणून भर घालावयाची ती केवळ पाण्याची, ॲसिडची कधीही नाही. ॲसिड टाकल्यास दोन दिवस बॅटरी तरतरीत भासते आणि नंतर पट्ट्या खाऊन टाकते. उष्णतेत पाणी अधिक वेगाने आटते. तापमान दहा अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येते, असा तंत्रज्ञांचा आडाखा आहे. आपल्याकडील पत्र्याच्या माळ्यावर किंवा पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलेली बॅटरी पुण्यातील बॅटरीइतकी टिकेल, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. फेब्रुवारी ते जून या काळात महिन्यातून एकदा आणि एरवी दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक कप्प्याची पातळी पाहावी. झाकणावर तरंगणारी काडी असते. तिची खूण लाल भागात उतरली असेल तर उशीर झालेला असतो.

पाणी कोणते, याविषयी आपल्या घरांत एक विशेष गैरसमज आढळतो. आपण गाळलेले आणि उकळलेले पाणी शुद्ध मानतो, आणि पिण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु उकळल्याने पाण्यातील विरघळलेले क्षार जात नाहीत. पाणी आटते तसे ते अधिकच दाट होतात. बोअरचे, नळाचे, उकळलेले किंवा घरच्या आरओ यंत्राचे, यांपैकी कोणतेही पाणी बॅटरीस चालत नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी बाटलीत साठवून घालणारेही भेटतात. त्या पाण्यात गुंडाळीवरची धूळ आणि धातूचे कण येतात. केवळ डिस्टिल्ड वॉटर म्हणून विकले जाणारे बॅटरीचे पाणीच घालावे. तेही बॅटरी पूर्ण भरल्यानंतर, खुणेपर्यंतच. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील इतके घालावे, मग भरू द्यावी आणि शेवटी खूण गाठावी. काठोकाठ ओतल्यास भरताना ॲसिड वर येते, झाकणावरून ओघळते आणि फरशी खराब करते.

मेकॅनिककाकांनी त्यानंतर पान्याने तारांची टोके सोडवली. ऋण टोकावर हिरवट-पांढऱ्या भुकटीचा थर होता. बॅकअप एकाएकी कमी होण्याचे हे अतिशय सामान्य आणि अतिशय दुर्लक्षित कारण. बॅटरीत साठा असूनही त्या भुकटीतून प्रवाह जात नाही. टोक तापते आणि इन्व्हर्टरला वाटते की बॅटरी संपली. उपाय घरगुतीच आहे. इन्व्हर्टर बंद करावा, भिंतीतील प्लग काढावा, आधी ऋण आणि मग धन टोक सोडावे. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने घासावे. सोड्याचा थेंबही कप्प्यात जाऊ देऊ नये. कोरडे पुसून आधी धन, मग ऋण टोक घट्ट आवळावे आणि वर व्हॅसलीनचा हलका लेप द्यावा. हे करण्यापूर्वी हातातील अंगठ्या आणि बांगड्या उतरवून ठेवाव्यात. सोन्याची बांगडी किंवा पाना दोन टोकांमध्ये आडवा आला तर क्षणात ठिणगी उडते आणि धातू त्वचेत रुततो. डोळ्यांना चष्मा असावा. ॲसिड डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे तरी स्वच्छ पाण्याने धुवावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

येथेच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांत जागेअभावी बॅटरी देवघराशेजारी ठेवलेली असते. भरताना निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. समई, आरती, उदबत्ती यांच्याजवळ किंवा बंद कपाटात बॅटरी असू नये. जिन्याखाली असेल तर त्या कोनाड्याला वारा मिळाला पाहिजे. सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापली किंवा तिच्या कडा फुगलेल्या दिसल्या, तर भरणे तत्काळ थांबवावे, खिडक्या उघडाव्यात आणि जाणकारास बोलवावे. ते घरी सोडवावयाचे काम नव्हे.

मग काकांनी पिशवीतून हायड्रोमीटर काढला. काचेच्या नळीत द्रव ओढून त्याची घनता पाहण्याचे हे साधन शे-दोनशे रुपयांत मिळते आणि माझ्या मते प्रत्येक दुकानात असावे. ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरलेली असताना प्रत्येक कप्प्यात १.२४० च्या आसपास आकडा दिसावा. १.१५० च्या खाली तो कप्पा रिकामा समजावा. एकूण आकड्यापेक्षा कप्प्याकप्प्यातील तफावत अधिक बोलकी असते: पाच कप्पे १.२३० ला आणि एकच १.१७० ला असेल, तर तो एक कप्पा साऱ्या बॅटरीला ओढून खाली नेतो. पाणी घातल्याघातल्या हा आकडा घेऊ नये; नवे पाणी वरच राहते आणि चुकीचे वाचन मिळते. मल्टीमीटर असेल तर भरून, तारा सोडून काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. भरत असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील, तर तेव्हा मात्र दोष वरच्या पेटीत आहे.

आमच्या बॅटरीत पाणी घालून ती दीड दिवस भरली. चार कप्पे १.२३० वर आले, दोन १.१५० वरच राहिले. पट्ट्या हवेत राहिल्याने त्यांवर सल्फेटचा जो थर बसतो तो आता निघणार नव्हता. म्हणजे दुकानदार खोटे बोलले नव्हते. बॅटरी खरोखर गेलीच होती. फक्त ती का गेली, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. तशीच नवी बसवली असती, तर तीन वर्षांनी वहीत पाचवे बिल चढले असते.

हमीपत्रही याच वेळी पाहण्यात आले. त्यावर ३६ अधिक २४ महिने असे छापलेले होते. आपण वाचतो ते साठ महिने. प्रत्यक्षात पहिल्या ३६ महिन्यांतच बॅटरी बदलून मिळते. पुढील २४ महिन्यांत छापील किमतीवर ठराविक सूट मिळते. आपण बाजारात बॅटरी घेतो ती छापील किमतीपेक्षा बऱ्याच कमी भावाने, त्यामुळे त्या सुटीचा खरा लाभ कागदावर दिसतो त्याहून थोडा असतो. पट्ट्या कोरड्या आढळल्या तर हमी नाकारली जाते, हे बारीक अक्षरांत होतेच. आणि आमच्या कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीखच नव्हती! लाखोंच्या उधारीला सही घेतल्याशिवाय माल न सोडणारे आपण, येथे कोरे कार्ड खिशात घालून घरी येतो.

काही तक्रारींत बॅटरीचा दोष नसतो. वीज असूनही इन्व्हर्टर बॅटरीवरच चालतो, ही त्यांतील मुख्य. आधी पेटीच्या मागील बाजूचे बटण किंवा फ्यूज उडाला आहे काय आणि भिंतीतील प्लग ढिला आहे काय, ते पाहावे. तेथे सारे ठीक असल्यास मागील लहान खटका पाहावा. एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल, इको असे काही लिहिलेले असते. यूपीएस बाजूस पेटी साधारणतः १८० ते २६० व्होल्ट एवढाच दाब स्वीकारते. संध्याकाळी दाब उतरला की दिवे लागत असूनही ती गुपचूप बॅटरीवर जाते आणि खरी वीज जाते तेव्हा साठा संपलेला असतो. संगणक नसलेल्या घरात हा खटका नॉर्मलवर असावा. आमच्याकडे तो यूपीएसवर होता. कोणी केला, देव जाणे.

दुसरी तक्रार दुकानांतील. बिल छापताक्षणी सारे बंद पडते. लेझर प्रिंटर तापताना काही क्षण हजार वॉटच्या आसपास भार घेतो; ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला एकूण सातशे वॉटच झेपतात. प्रिंटर, इस्त्री, मिक्सर, फ्रीज हे इन्व्हर्टरच्या वाहिनीवर असूच नयेत. भाराने बंद पडलेली पेटी काही उपकरणे काढून पुन्हा सुरू केली की चालते. ती वारंवार तशीच सुरू करीत राहू नये. पंखे गुणगुणत असतील आणि ट्यूबलाइट थरथरत असेल, तर पेटी चौकोनी लहरींची, जुन्या पद्धतीची आहे. पंख्यास ते सोसते. ऑक्सिजन यंत्रास किंवा मोटार असलेल्या कोणत्याही वैद्यकीय उपकरणास शुद्ध साइन वेव्हचीच पेटी हवी.

जुन्या वाड्यांत एक धोका असतो. भाऊबंदांच्या वाटण्यांनंतर तारांचे जाळे इतके गुंतलेले असते की इन्व्हर्टरची न्यूट्रल तार दुसऱ्याच मीटरशी जोडलेली आढळते. कधी कोणी हुशारीने इन्व्हर्टरची वीज दोन टोकांच्या वायरने भिंतीच्या सॉकेटमध्ये उलटी सोडतो. ती वीज बाहेर खांबापर्यंत जाऊ शकते, आणि खांबावर कोणा घरचा माणूस तारा बंद आहेत असे समजून काम करीत असतो. परवानाधारक वायरमनकडून एकदा हे तपासून घ्यावे.

आता हिशेब. १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, १८०० वॉट-तास. रूपांतरात पाव हिस्सा जातो, उरतात १३५०. आईचे यंत्र ३५० वॉट, पंखा ७५, दोन ट्यूब ४०, एकूण ४६५. भागाकार तीन तासांच्या जवळ येतो, पण भार जड असला की बॅटरी आपला पूर्ण साठा देत नाही. म्हणून नव्या बॅटरीवरही दोन-अडीच तासच धरावेत. हा हिशेब आम्ही दोन वर्षांपूर्वी, यंत्र घरी आले त्याच दिवशी, करावयास हवा होता. आता जुना पंखा काढून ३० वॉटचा बसवला आहे, आईच्या खोलीस वेगळी वाहिनी दिली आहे आणि कोपऱ्यात भरलेले सिलिंडर उभे आहे. रुग्ण असलेल्या घराने केवळ इन्व्हर्टरवर विसंबू नये, हे डॉक्टरांनी नंतर आम्हांस सुनावले, आणि ते रास्तच होते.

चातुर्मासात किंवा शिखरजीच्या यात्रेस घर महिनाभर बंद राहते, तेव्हा बॅटरी अर्धी रिकामी सोडून जाऊ नये. तशीच पडून राहिली तर तोच सल्फेटचा थर बसतो. पाणी पाहावे, पूर्ण भरावी आणि घरचे सारे दिवे-पंखे बंद करून भरणे चालू ठेवावे, किंवा भरल्यावर तारा सोडून ठेवाव्यात. शेजारच्यांकडे किल्ली असेल तर उत्तमच.

जुनी बॅटरी भंगारवाल्यास देण्याचा मोह आवरला. तो वजनावर दुकानापेक्षा दोनशे रुपये अधिक देत होता. परंतु तो ती फोडतो, ॲसिड गटारात ओततो आणि शिसे वितळवताना त्याचीच मुले तो धूर घेतात. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटरीची व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती दुकानात परत दिली, नव्या बिलात तिची किंमत वजा करून घेतली आणि या वेळी कार्डावर शिक्काही मारून घेतला.

नव्या बॅटरीची वही मुलीने घातली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती हायड्रोमीटर घेऊन बसते आणि सहा आकडे लिहिते, आई खाटेवरून विचारते, "आज किती आले गं?" गेल्या रविवारी पाच कप्पे १.२४० ला होते, तिसरा १.२२५ ला. पुढच्या महिन्यातही तो मागे राहिला तर कार्ड घेऊन दुकानात जायचे आहे. छत्तीस महिन्यांतील अजून बरेच शिल्लक आहेत.